नुसतं बसायला

गेल्या डिसेंबरात वस्तीतली दोन पोरं दारात आली. म्हणाली, मामा, रविवारी हिप्परग्याच्या तळ्यावर जाऊ. मी विचारलं, काय हाय तिथं? शिबीर? बैठक? पोरं म्हणाली, काही नाही. नुसतं बसायला.

चाळीस वर्षं मोर्चे काढले. कलेक्टर कचेरीपुढं ऊनपावसात बसलो, पण ते धरणं धरून. नुसतं बसायचं म्हंजे काय, ते आमच्या पिढीला ठाऊकच नाही. म्हणलं, चला, बघू तरी.

तुळजापूर रोडनं आठेक किलोमीटर. आदिला नदी अडवून इंग्रजांनी १८७१ साली हे एकरूखचं तळं पुरं केलं. दोन किलोमीटरहून लांब मातीचा बांध. गॅझेटियरात इंजिनियराचं नाव सापडतं. माती कुणाच्या डोक्यावरनं आली, ते तुमचं तुम्ही ओळखा.

बांधावर शहरातली माणसं फोटो काढत होती. आम्ही रस्ता सोडून आतल्या अंगाला, माळाकडं गेलो. कुसळी गवत, चार बाभळी आणि पुढं पाणीच पाणी. आवाज नाही. लांब काठाला करड्या पाखरांचा थवा, डोक्यावर दोन काळे पट्टे. एक पोरगं म्हणालं, पट्टकदंब, मामा. हिमालय ओलांडून येतात. मी बघत राहिलो. त्यांना कुणी अडवत नाही, एवढंच आधी मनात आलं. च्यायला, डोकं कुठंही नेलं तरी तिथंच जातं.

७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा. आय दुष्काळी कामावर खडी फोडायची. मी सुकडीच्या आशेनं तिच्यामागं. पाणी वरनं ओंजळीत ओतायचे. हा दुष्काळ सगळ्यांचाच होता, पण ओंजळ आमचीच.

दुष्काळाच्या आधी गावच्या विहिरीत पाणी असायचं. उन्हाळ्यात गावातली पोरं पाठीला डबा बांधून पोहायला शिकायची. धाडधाड उड्या. मला काठावर कपडे राखायला बसवायचे. वर तंबी, शिवायचं नाही. न शिवता राखायचं! कुत्रं आलं तर दगड मारायचा, वारं आलं तर बोंब मारायची. सगळा उन्हाळा मी दुसऱ्याचं पोहणं बघितलं. आमच्या आळीत एकाही बाप्याला पोहता येत नव्हतं. लोक म्हणायचे, यांना पाण्याचं भ्या वाटतं.

२० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सनातन्यांनी शेणमुताच्या १०८ घागरी ओतून तळं शुद्ध केलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं. हे तुम्हाला पाठ हाय, मलाही हाय. भाषणात शंभरदा सांगितलं. पण आपण प्यायच्या पाण्यावरच थांबलो का? बाबासाहेब तर म्हणाले होते, आपण काही तहान भागवायला इथं आलो नाही, आपणही माणसं हाओत हे दाखवायला आलो. मग माणूस पाण्यात डुंबतो, त्याचं काय? माझ्या एकाही भाषणात डुंबणं नव्हतं.

पोरगं केव्हाच पाण्यात. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर फी भरून शिकलेलं. म्हणालं, मामा, या. म्हणलं, साठी उलटली, आता काय? तरी पॅन्ट-शर्ट बाभळीवर टाकून उतरलो. पायाखाली चिखल, मांडीला गार लागलं. कमरेएवढ्या पाण्यात मी थांबलो. खोटं कशाला सांगू, भ्या वाटलं.

तेवढ्यात काठावर एकानं मोटारसायकल थांबवली. कुठले पावणं? बरं, आडनाव काय? माझी मान आपोआप खाली. पोरगं पाण्यातनंच म्हणालं, आडनाव कशाला लागतंय काका, येताय का पोहायला? तो जरा वेळ बघत राहिला, मग गाडीला किक मारून गेला. मी असतो तर तासभर भांडलो असतो. पोरगं हसत होतं.

मग त्यानं माझ्या पोटाखाली हात धरला. म्हणालं, अंग सोडा, मामा, दगडासारखं धरू नका. सोडलं. नाकातोंडात पाणी गेलं, खोकलो, शिव्या घातल्या, परत आडवा झालो. चारदा. पाचव्यांदा त्यानं हात कधी काढला ते मला कळलं नाही. दोन हात मारले असतील, तीन नाही.

बाहेर आलो तर वाऱ्यानं शर्ट उडून कुसळात पडला होता. राखायला कुणी नव्हतं. कुसळं काढत बसलो, ऊन उतरेपर्यंत.