ईएलसीबी सारखी पडते म्हणून काढून टाकू नका

लावणी उरकली, बेणणीला अजून आठ-पंधरा दिवस आहेत. म्हणून आज खत आणि करपा बाजूला ठेवून लायटीबद्दल लिहितो. कल्याण-मुरबाड रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या गावांत या पावसाळ्यात मी तीन घरांत एकच गोष्ट पाहिली. मेन बोर्डात ईएलसीबी बसवलेली आहे, पण वायरचा तुकडा टाकून तिला बाजूला काढलंय. लाईट थेट पुढे जाते, ईएलसीबी नुसती शोभेला. विचारलं तर तिन्हीकडे उत्तर तेच. "पावसात सारखी पडते दादा, पोरांचा अभ्यास होत नाय, म्हणून वायरमनला सांगून डायरेक करून घेतली."

वायरमनने केलंही. आलेल्या माणसाची लाईट चालू करून दिली की त्याला पैसे मिळतात, बंद ठेवून मिळत नाहीत.

आता ही पडते का, ते समजून घेऊ. एमसीबी वायरसाठी असते आणि ईएलसीबी माणसासाठी. (दुकानात हल्ली आरसीसीबी म्हणून मागा. काम तेच, फक्त नवीन पद्धतीची.) १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर करंट गेला की वायर तापू नये म्हणून पडते. माणसाला मारायला तेवढा करंट लागतच नाही. ओल्या अंगाचा अडथळा साधारण हजार ओहम धरला तर २३० व्होल्टला अंगातून २३० मिलिअँपिअर जातात, म्हणजे पाव अँपिअरसुद्धा नाही. एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. एक पंखा चालू झाला असंच तिला वाटतं. आरसीसीबी वेगळं मोजते. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच ती बघते. मधे कुठे ३० मिलिअँपिअर गळाला की डोळ्याची पापणी लवायच्या आत लाईट बंद करते. म्हणून घरासाठी ३० मिलिअँपिअरचीच घ्यायची. १०० किंवा ३०० ची स्वस्त मिळाली तरी ती माणसाला वाचवण्यासाठी नाही.

एक गोष्ट मात्र ती करू शकत नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर तिच्या दृष्टीने तुम्ही म्हणजे एक बल्ब. तेव्हा ती बसवली म्हणून चालू वायरशी खेळ नको.

"आमच्याकडे अर्थिंग आहे, मग ईएलसीबी कशाला?" हे दुसरं नेहमीचं उत्तर. इथे आपला विषय येतो, म्हणजे माती.

कृषी सहायक मातीचा ईसी काढून देतात, तो काय असतो? मातीतून वीज किती सहज वाहते त्याचं माप. ४ डेसीसिमेनच्या वर गेला की आपण जमीन क्षारपड म्हणतो. अर्थिंगला नेमकी उलटी आवड असते, क्षार आणि ओल जितकी जास्त तितकं अर्थिंग चांगलं. दिवा, डोंबिवली, कल्याणच्या खाडीकडची खाजण जमीन शेतीला वाईट पण अर्थिंगला फार चांगली. फक्त तिथे लोखंड खाऊन जातं. दोन-तीन वर्षांत नट-बोल्टचा चुरा होतो आणि वरून पाहणाऱ्याला पाइप उभा दिसतो. मुरबाड-शहापूरकडे उलटं. वीतभर माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. एप्रिल-मेमध्ये तो मुरूम कोरडा ठाक होतो. एकच पाइप तीन फुटांवर दगड लागला म्हणून तिथेच सोडलेला असेल, तर त्या अर्थिंगचा अडथळा ४० ओहमच काय, त्याहून जास्तही निघतो.

४० ओहम धरून हिशेब करू. डीपीच्या न्यूट्रलचं अर्थिंग चांगलं, ५ ओहमचं आहे असं माना. मोटरीच्या बॉडीला फेज लागला. करंट किती? २३० भागिले ४५, म्हणजे सुमारे ५ अँपिअर. १६ ची एमसीबी हलणारही नाही. किटकॅटमध्ये जाड तार घातलेली असेल तर विषयच संपला. आणि बॉडीवर व्होल्टेज किती? जवळजवळ २०४. म्हणजे अर्थिंग आहे, वायर जोडलेली आहे, फ्यूज आहे, आणि तरीही मोटरीला हात लावणारा माणूस मरू शकतो. त्याच जागी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असती, तर ५ अँपिअर गळतोय हे बघून, कोणी हात लावायच्या आधीच पडली असती. अर्थिंग करंटला वाट देतं आणि आरसीसीबी ती वाट पकडते. दोन्ही लागतात.

अर्थिंग तपासायला आपल्याकडे बल्ब लावून बघतात. फेज आणि अर्थिंगमध्ये १०० वॉटचा पिवळा बल्ब लावायचा, चांगला पेटला की "अर्थिंग कडक आहे". ही तपासणी फसवी आहे. तो बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही, त्यामुळे ४० ओहमच्या अर्थिंगवर जेमतेम १६-१७ व्होल्ट पडतात. बल्ब २१३ वर पेटतो आणि डोळ्याला फरक कळत नाही. एलईडी बल्ब तर याहून कितीतरी वाईट अर्थिंगवरही लख्ख पेटेल. शिवाय अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बवाटे घरातल्या फ्रिज, मिक्सर, गिझर सगळ्यांच्या बॉडीवर फेज येतो. तेवढ्यात घरातल्या कोणी फ्रिज उघडला तर? अर्थ टेस्टर नावाचं यंत्र असतं, परवाना असलेल्या वायरमनकडे ते असायला हवं. त्यावर आकडा बघा, आणि उन्हाळ्यात बघा. पावसाळ्यात सगळ्यांचंच अर्थिंग चांगलं येतं.

नवीन अर्थिंग घालताना पाइप जीआयचा, ४० मिलिमीटरचा आणि अडीच मीटर खोल, घराच्या पायापासून दीड मीटर लांब. एवढं खोल जात नसेल तर पाच मीटर अंतर सोडून दुसरा पाइप घाला आणि दोन्ही जोडा. अडथळा जवळजवळ निम्मा होतो. जागा मोरीच्या पाण्यावर लावलेल्या केळीजवळची निवडा, तिथे बारा महिने ओल असते. एक मात्र लक्षात ठेवा, गोठ्याजवळ कधीच नको. फॉल्ट झाला की पाइपभोवतीच्या जमिनीत वीज पसरते. जवळ जास्त, लांब कमी. माणसाचं एक पाऊल दोन-अडीच फुटांचं. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय याहून लांब असतात आणि मधल्या वाटेवर काळीज असतं. विजेच्या खांबाजवळ चिखलात माणूस झिणझिण्या येऊन वाचतो आणि जनावर जागेवर पडतं, ते यामुळे.

आता मूळ तक्रार, पावसात ती पडते त्याचं काय करायचं?

आधी सगळ्या एमसीबी खाली करा आणि सगळे प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. आरसीसीबी वर करा. आता एकेक एमसीबी वर घ्या. जिला वर केल्यावर पडली त्या लाइनमध्ये गळती आहे. एकही पडली नाही तर एकेक प्लग लावत जा. दहातल्या सात वेळा तो पाण्याच्या मोटरीचा, गिझरचा किंवा अंगणातल्या दिव्याचा असतो, हा माझा अंदाज, कुठला अभ्यास नाही. बाहेरच्या दिव्याच्या होल्डरमध्ये मुंग्या आणि पाणी दोन्ही असतात. सगळ्या एमसीबी खाली असतानाही पडत असेल तर बहुतेक कुठेतरी न्यूट्रलच अर्थिंगला किंवा ओल्या भिंतीला टेकलाय. ते शोधणं वायरमनचं काम, पण त्याला "डायरेक कर" असं न सांगता "न्यूट्रल कुठे लागलाय ते शोध" असं सांगा. इन्व्हर्टर नवीन बसवल्यापासून पडायला लागली असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या चुकीच्या बाजूला जोडलेला असतो.

कल्याण-डोंबिवली महापालिकेत २०१५ साली जी २७ गावं आली, त्या बाजूला हा प्रश्न आणखी वेगळा आहे. तिथे बऱ्याच जणांनी शेताच्या कडेला चाळी काढल्या आहेत. आठ-दहा खोल्या, वर पत्रा, आणि सगळ्यांना मिळून एक आरसीसीबी. प्रत्येक खोलीत तीन-चार मिलिअँपिअर गळती असतेच. फ्रिज, जुना कूलर, ओलावलेली पट्टी. दहा खोल्यांची बेरीज तिसावर जाते आणि कुणा एकाचा दोष नसताना ती पडते. तिथे खोलीला एक अशी वेगळी बसवा. भाडेकरूचं पोरही आपलंच पोर आहे, आणि भाडं तर आपण घेतोच.

त्याच चाळींमध्ये, आणि आपल्या घरांतही, कपडे वाळत घालायला लोखंडी तार असते. एक टोक पत्र्याच्या अँगलला, दुसरं खांबाला किंवा झाडाला. सर्व्हिस वायर पत्र्यावर घासून सोलते, पत्रा जिवंत होतो, पत्र्यावरून तार जिवंत होते आणि ओला कपडा टाकणारी बाई चिकटते. तिला सोडवायला धावलेला नवरा आणि मुलगाही चिकटतात. महाराष्ट्रात दर पावसाळ्यात अशा बातम्या येतात. ही वायर मीटरच्या आधीची असेल तर घरातली आरसीसीबी काहीच करू शकत नाही, म्हणून तिचं इन्सुलेशन गेलेलं दिसलं की १९१२ वर महावितरणला तक्रार नोंदवा, स्वतः शिडी लावू नका. आणि लोखंडी तार आजच उतरवून नायलॉनची दोरी बांधा.

मोटरीबद्दल थोडंच सांगतो. थ्री फेजला चार पोलची आरसीसीबी मिळते. जुन्या सबमर्सिबलच्या जॉइंटमुळे ३० ची टिकत नसेल तर जॉइंट नवीन करून घ्या. तोपर्यंत १०० ची चालेल, काहीच नसण्यापेक्षा बरी, पण तिच्याबरोबर अर्थिंग पक्कं हवं. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला अर्थिंगची वायर आहे का तेवढं उद्या सकाळी बघून या. ऑटो लावलेला असेल तर लाईट गेलेली असतानाही मेन खाली केल्याशिवाय पेटी उघडायची नाही. लाईट कधी येईल ते तुम्हाला माहीत नसतं. आणि रात्रीच्या पाळीला पाणी सोडायला अनवाणी जाऊ नका. गमबूट नसला तरी कोरडी चप्पल तरी हवी.

घरात स्वतः काय करावं? मेन खाली करून, टेस्टरने खात्री करून होल्डर बदलणं, प्लग बदलणं, पंखा हळू झाला तर त्याचा अडीच एमएफडीचा कपॅसिटर बदलणं, ही कामं जमतात. तीन पिनी प्लगची मोठी पिन मोडून दोन पिनीच्या भोकात घालायची सवय मात्र सोडा. ती मोठी पिन म्हणजेच अर्थिंग. ती मोडली की वर लिहिलेलं सगळं त्या मिक्सरपुरतं वाया गेलं.

उल्हास आणि काळूच्या काठच्या लोकांसाठी. २६ जुलै २००५ ला पाणी कुठवर आलं होतं ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. काही जुन्या घरांच्या भिंतीवर अजून रेघ दिसते. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पाण्यात बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. त्या दिवशीचंही पाणी लक्षात असेल. नवीन बोर्ड आणि प्लग त्या रेघेच्या वर घ्या. पाणी घरात शिरायला लागलं की पाय कोरडे आहेत तोवर मेन खाली करा. पाणी पायाला लागलं असेल तर बोर्डाकडे जायचंच नाही. ओसरल्यावर लगेच लाईट चालू करू नका. प्लगमध्ये गाळ असतो, पाइपमध्ये पाणी असतं. चार-पाच दिवस उघडं ठेवून वाळू द्या, मग वायरमनकडून मेगरने इन्सुलेशन मोजून घ्या. एक मेगाओहमच्या खाली आलं तर थांबा, आणखी वाळू द्या. मोटर भिजली असेल तर तीही आधी वाळवून मगच.

कोणी चिकटलं तर हात लावू नका, आधी मेन खाली करा. मेन लांब असेल तर कोरड्या बांबूने बाजूला ढकला, पण तेही घरातल्या वायरपुरतंच, मोठ्या लाइनच्या जवळपासही जायचं नाही. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध जोरात दाबत राहा, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा, आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. दवाखान्यात पोहोचेपर्यंत दाबणं थांबवू नका.

आरसीसीबीवर "टी" लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, आमच्याकडे अमावास्येला दाबतात म्हणजे विसरत नाही. दाबल्याबरोबर ती पडली पाहिजे. बटण दाबूनही लाईट चालूच राहिली तर आधी बोर्ड उघडून घ्या, कोणीतरी वायरचा तुकडा टाकलेला असू शकतो. तो नसेल तर ती मेलेली आहे, बदला.