रुमालाखालची बोटं

आमच्या सांगलीच्या गल्लीत 'च'ची भाषा न येणारं पोर बावळट ठरायचं. 'मला'चं 'चलाम', 'पाणी'चं 'चाणीप'. आईला ती बघता बघता यायला लागली आणि भाषेतली सगळी गंमतच गेली.

त्याहून पक्की भाषा खरसुंडीला पाहिली. सिद्धनाथाच्या यात्रेतला खिलार जनावरांचा बाजार. मामांनी एका खोंडापाशी थांबवलं. हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, आणि शेतकरी समोरासमोर, हात रुमालाखाली, तोंडानं गप्पा पावसाच्या. बोटं धरली जात होती, झिडकारली जात होती. चार बोटं म्हणजे चार, हे मला कळलं; पण चारशे की चार हजार? मामा म्हणाले, "खोंडाकडं बघ की. चारशेचं वाटतंय व्हय?" गुप्त लिपीवर पुढं पुष्कळ वाचलं, पण इतकं नेमकं कुणी सांगितलं नाही. अर्धा अर्थ खुणेत असतो, उरलेला खुणेबाहेर उभा असतो.

विलिंग्डन कॉलेजला असताना वसतिगृहातल्या एका मित्रानं स्वतःच्या चिन्हांत लिहिलेली चिठ्ठी पुढ्यात टाकली. मी चिन्हं मोजत बसलो. जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी तीच जोडी. मराठी माणूस वाक्य 'आहे'वर टेकवतो! 'आ' आणि 'हे' हाती लागले, मग 'हा', 'ही', आणि पुढं लिपी धडाधड उसवत गेली. मजकूर काय, तर मेसची आमटी पातळ आहे.

रॉबर्ट हॅरिसची 'एनिग्मा' ही कादंबरी बरीच नंतर वाचली. १९४३ साल, जर्मनांचे गुप्त संदेश फोडणारं इंग्रजांचं ब्लेचली पार्क, केंब्रिजचा गणिती टॉम जेरिको. रंगते झकास. पण असल्या कादंबऱ्यांत नायकाला मध्यरात्री वीज चमकल्यासारखं सुचतं, ते मला पटत नाही. एनिग्मा या जर्मनांच्या संकेतयंत्राच्या जुळण्या १५९ वर अठरा शून्यं इतक्या. तरी पोलंडच्या मारियन रेयेव्स्कीनं १९३२ मध्येच क्रमपर्यायांच्या गणितानं यंत्राची आतली रचना शोधली. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त अंकपाश म्हणून हाताळलेला विषय याच घराण्यातला. पुढं इंग्रजांना जर्मनांच्या सवयी आणि यंत्राची एक खोड कामी आली: हवामानाचे अहवाल रोज ठरावीक शब्दांत, आणि यंत्र कुठलंही अक्षर त्याच अक्षरात बदलत नाही. म्हणजे पुन्हा 'आहे'च.

आपल्याकडं असा लिपी फोडणारा माणूस शोधायचा तर मला इतिहासाचार्य राजवाडे दिसतात. ते गणिती नव्हेत. पण महानुभावांनी आपले ग्रंथ ज्या सकळ लिपीत शतकानुशतकं कुलूपबंद ठेवले होते, ती त्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडली. एका अक्षराच्या जागी दुसरं, अशी ती योजना. त्याआधी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड, १८९८ चा, उभा राहिला तो आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईला मिळालेल्या दप्तरावर. धूळ, कसर, मोडीची गिचमिड आणि घरमालकाची मनधरणी. ही मनधरणी करणारा माणूस पुन्हा जमदग्नीचा अवतार!

या विक्षिप्त, एकट्या, गावोगाव दप्तरं हुंगत हिंडणाऱ्या विधुरावर मराठीत हेरकादंबरी कशी झाली नाही, याचं मला नवल वाटतं. पिस्तूल नको, सुंदरी नको. एक बंद पेटारा, तो उघडू न देणारी एक म्हातारी आणि दारात राजवाडे. पहिलं प्रकरण तयार आहे.