इराणच्या वाटेवर : नक्षीतली गाठ
भाग 4

दिवस सहावा. इस्फहान

नक्षी म्हणजे बांधकाम संपल्यावर भिंतीला चढवलेला साज, हा समज दर्ब-ए-इमाम या दर्ग्याच्या कमानीवरची 1453 मधली नक्षी मोडून काढते. अशा कोनाकोनांच्या रचनेला फारसीत ‘गिरिह’ म्हणतात, म्हणजे गाठ. पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या भौतिकशास्त्रज्ञांनी 2007 मध्ये मांडले की ही गुंतागुंत पाचच आकारांतून उभी राहते : दशकोन, पंचकोन, षट्कोन, समभुज चौकोन आणि डमरूसारखा एक आकार. पाचही आकारांच्या बाजू सारख्या लांबीच्या, आणि आतली रेघ प्रत्येक बाजूच्या मध्यावरच येऊन भिडते. म्हणून कुठलाही तुकडा कुठल्याही शेजारी बसवला तरी रेघ तुटत नाही. अशा रचनांमागचे विसाव्या शतकातले गणित कारागिरांना आधीच उमगले होते, हा उत्साही निष्कर्ष मला मान्य नाही. त्यांच्याकडे सिद्धता नव्हती, हातात मुरलेला नियम होता. माझ्या मते परंपरा म्हणायचे ते या नियमालाच. तारे आणि फुले ही त्याची फळे.

दिवस सातवा. इस्फहान

नक्षीच्या नियमाला परंपरा म्हणण्यावर नेहमीचा आक्षेप असा, की माणसाचे चित्र निषिद्ध, म्हणून नाइलाजाने भूमिती आली. मशिदीपुरते त्यात तथ्य आहे. पण याच शहरात सतराव्या शतकातल्या चेहेल सोतून महालात भिंती माणसांनी भरल्या आहेत. इराणचा शाह तहमास्प आपल्याकडच्या मुघल बादशहा हुमायूनचे स्वागत करतो आहे, तेही तिथेच. आणि त्याच महालाच्या ओसरीवर आरशांच्या तुकड्यांचे काम, ‘आयनेकारी’, लखलखते. चित्राची मुभा असतानाही नक्षी हवीशी वाटली, तर तिला नाइलाज कसे म्हणणार?

दिवस नववा. तेहरान

नेगारेस्तान बागेत 2017 पासून मोनीर शाहरूदी फरमानफरमाइयान (1922–2019) यांच्या कलेचे संग्रहालय आहे. शिराझच्या शाह चेराग दर्ग्यातली आयनेकारी पाहून त्यांनी हे माध्यम धरले आणि पारंपरिक कारागिरांना सोबत घेऊन काम केले. दर्ग्यातली गोष्ट कलादालनात नेली की तिचा भाव हरवतो, ही तक्रार मी हलकी मानत नाही. प्रार्थनेला आलेल्यांवर पडणारा तो प्रकाश इथे नाही, हे खरेच. तरी हॉटेलांच्या दर्शनी भागावर लेसरने कापून डकवलेल्या जाळ्यांशी या कामाची तुलना करावी. तिथे फक्त आकार उचललेला असतो. मोनीर यांनी नियम उचलला आणि तो पुढे नेला : त्यांच्या एका मालिकेतले आरसेजडित तुकडे एका रचनेत कायमचे बांधलेले नाहीत, ते उकलून दुसऱ्या रचनेत मांडता येतात.