बिनटाइलची न्हाणी

पाचाडला पावसाळ्यात भिंती वाळत नाहीत. रायगडाला अडलेले ढग खाली गावावर उतरतात, आणि न्हाणीत शिरलेली ओल दसऱ्यापर्यंत मुक्काम करते. आमच्या न्हाणीतल्या टाइल त्या ओलीनेच सुटल्या. टिचकी मारली की पोकळ वाजायच्या, सांध्यांत काळी बुरशी धरायची. वर साबणाचं पाणी, खाली चकचकीत जमीन आणि आईचे म्हातारे पाय. ती आत गेली की आम्ही बाहेर कान देऊन असायचो. न्हाणी नव्याने करायची ठरली तेव्हा मिस्त्रींना मी आधीच सांगितलं, ‘‘टाइल नको.’’

‘‘अहो, हल्ली सगळे छतापर्यंत टाइल लावतात,’’ ते म्हणाले. पण पाणी टाइल पीत नाही, सांधे पितात. मागे गेलेलं पाणी आमच्या हवेत लवकर बाहेर पडत नाही. महाडच्या दुकानात प्लॅस्टिकचे पॅनेल दाखवले. स्वस्त, आणि झटपट बसणारे. मागच्या पोकळीत ओल आणि झुरळं राहतील म्हणून ते मी घेतले नाहीत.

जमिनीला काळा दगडच घ्यायचा हे मनात पक्कं होतं. गावातल्या जिजाऊंच्या वाड्यात तक्याची विहीर आहे. तिचे घडीव दगड साडेतीनशेहून जास्त पावसाळे झेलून जागेवर आहेत. गडावरची हवा उतारवयात मानवेना म्हणून हा वाडा खाली बांधला, असं सांगतात. म्हाताऱ्या आईसाठी घर बांधताना हवेचा विचार झाला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आम्ही दगड पॉलिश न करता टाकीने टाचून घेतला. ढाळ पाच फुटांना एक इंच. दगड बसवण्याआधी जाळी बंद करून पाणी तुंबवून ठेवलं आणि कुठे पाझरतंय का ते पाहिलं. ही पायरी कोणी गाळू नये.

भिंतींना तांबडी घोटाई केली. आजोळच्या माजघरात असा कोबा होता, पाठ टेकली की गार लागायचा. सिमेंटात तांबडा ऑक्साइड मिसळायचा, पण सिमेंटच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नाही, नाहीतर थर कच्चा राहतो. पातळ थर ओढून तो आवळत आला की पोलादी थापीने दाबून घोटत राहायचं. मिस्त्रींनी भिंत मध्ये न थांबता एका दमात पुरी केली, कारण थांबलं की तिथे कायमची रेघ उमटते. जमीन आणि भिंत मिळते तिथे काटकोन न ठेवता गोल वाटा मारला, म्हणजे कोपऱ्यात घाण बसत नाही. मग निदान सात दिवस पाणी मारायचं. मोरोक्कोत हमामाच्या भिंती चुन्यानेच करतात. गोट्याने घोटून वर ऑलिव्हचा साबण चोळतात, आणि साबण-चुन्याचा पाण्यात न विरघळणारा थर तयार होतो. मलाही चुनाच हवा होता, पण तो घोटणारा हात इथे मिळाला नाही.

मजुरी टाइलपेक्षा जास्त गेली. रंग सगळीकडे सारखा नाही, एका कोपऱ्यात केसाएवढी चीर आहे. पण बुरशी धरायला सांधे नाहीत, आणि आई भिंतीला हात न लावता चालते.

एक सांगतो. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड आहेत, संडास धुण्याचं ॲसिड त्यांना खातं. घोटलेल्या सिमेंटलाही खातं. काळ्या दगडाला त्याने काही होत नाही, पण सांध्यांतलं सिमेंट जातं. धुण्याचा सोडा आणि काथ्या पुरतो. घरात म्हातारं माणूस असेल तर न्हाणीची फरशी दुकानात कोरडी पाहून घेऊ नका. तिच्यावर साबणाचं पाणी ओता, चप्पल काढा आणि उभं राहून बघा.