थांबा हलवायचा अर्ज

पुण्यातल्या शाळांमध्ये हवामानबदलावर बोलायला मी जायचे, ते मोटारीनं. सीएनजी, विजेवरच्या बस, धुराचे आकडे, सगळं तोंडपाठ. लोकांना एकदा पटलं की ते बसनं जातील, असं मी मनापासून मानत होते. मला तर केव्हाच पटलं होतं, तरी कोथरूडहून स्वारगेटला निघताना हात किल्लीकडेच जायचा.

याहून मोठी चूक वेगळीच. आमच्या सोसायटीच्या फाटकालगत बसथांबा होता. सकाळी तिथं गर्दी व्हायची, गाड्या बाहेर काढायला त्रास पडायचा. थांबा पुढे न्यावा असा अर्ज द्यायचं सभेत ठरलं आणि मजकूर मी लिहिला. 'अपघाताचा संभव' हे शब्द माझे. तिथं अपघात एकही झालेला नव्हता. थांबा चौकापलीकडे गेला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी उत्तमनगरहून बसनं येतात. पावसाळ्यात त्यांना उशीर व्हायला लागला, तेव्हा मी बोललेसुद्धा. त्या म्हणाल्या, "ताई, थांबा लांब गेलाय. रस्ता ओलांडायला कुणी गाडी थांबवत नाही." साडीचा काठ चिखलानं भरलेला, पास प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कमरेला खोचलेला. अर्ज कुणी लिहिला, हे मी तेव्हा सांगितलं नाही.

जून २०२५ मध्ये पुण्याच्या पीएमपी बसचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० झालं, मासिक पास ९०० वरून १५००. नव्या बस हव्यात तर भाडं वाढणारच, असं मी चारचौघांत म्हणत होते. मावशींनी पास सोडला. येताना बस, परतताना जमेल तेवढं पायी. धूर सगळ्यात कमी करणाऱ्या बाईवर बोजा पडला आणि पर्यावरणाच्या नावानं त्याला दुजोरा दिला मी. तिला जागृतीची गरज नव्हती. वेळेवर येणारी, परवडणारी बस आणि जवळचा थांबा तेवढा हवा होता, आणि त्यातलं एक मीच काढून घेतलं होतं.

मावशींना अखेर सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "मग परत लिहा की," म्हणाल्या. लिहिलं. या खेपेला आसपासच्या इमारतींत कामाला येणाऱ्या बायकांच्या सह्या घेतल्या. सोसायटीच्या सभेत विरोध झाला, म्हणून अर्ज सोसायटीच्या नावानं न देता आमच्या नावानं दिलाय. थांबा अजून पलीकडेच आहे, आणि मी पाठपुरावा सोडलेला नाही.