माळ्यावरच्या फळ्या



गोडादऱ्यात लाकडी जमीन सापडणं कठीण. रो-हाउसमध्ये खाली कोटा किंवा टाइल्स, वर स्लॅब. आमच्या पोटमाळ्याला मात्र सागाच्या फळ्या आहेत. वडील नंदुरबारहून सुरतेला मिलमध्ये कामाला आले. पुढे घर बांधलं तेव्हा त्यांनी त्या हट्टाने टाकल्या. गावच्या घरातल्या तक्तपोशीवर झोपायची सवय. लादीवर पाठ टेकत नाही, म्हणायचे.

या फळ्यांनी बरंच सोसलंय. मुलांची अंथरुणं, घरातल्या बायकांचं साड्यांना स्टोन चिकटवायचं काम (गोंदाचे थेंब अजून मोजता येतात), रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग. त्यावर कधीकाळी मारलेला वार्निशचा जाड थर, तोही काळा पडलेला. यंदा उपवासकाळात त्या घासून नव्याने पॉलिश करायच्या ठरल्या. वेळ निवडली ती भक्तीने नव्हे, हवा बघून. पावसाळ्यात पॉलिशवर पांढरट झाक येते, मार्च कोरडा असतो. राखेच्या बुधवारी कपाळावर राख घेतली आणि त्याच आठवड्यात अंगभर लाकडाचा भुसा.

मिस्त्रींनी मशीन लावण्याआधी दोन तास नुसते खिळे पाहिले. वर आलेलं प्रत्येक डोकं ठोकून आत घातलं. एक जरी राहिलं तरी पेपर फाटतो. मग ६० नंबरचा जाड पेपर, मग १००, मग १५०. आम्हाला घाई. मधला पेपर गाळला तर, असं विचारलं. ते म्हणाले, “मास्तर, जाड पेपरचे ओरखडे एकदम बारीक पेपरने जात नाहीत, नुसते झाकतात. पॉलिशचा हात फिरला की सगळे वर येतात.” आणि आडवं घासायचं नाही, लाकडाच्या रेषेबरोबर जायचं. वर्गात पापनिवेदनाआधीची विवेकतपासणी शिकवताना यंदा आम्ही खिळ्यांचंच उदाहरण दिलं. प्रश्नोत्तरीपेक्षा मुलांना ते लवकर कळलं.

शलमोनाने मंदिर बांधलं तेव्हा दगड खाणीतच घडवून आणले होते, बांधताना हातोड्याचा आवाज झाला नाही, असं १ राजे ६ मध्ये आहे. त्याच अध्यायात जमिनीला लाकडी फळ्या आणि त्यांवर सोनं मढवल्याचंही आहे. आमच्याकडे कुठली शांतता! मशीनचा आवाज ऐकून शेजारचे काका दोनदा डोकावून गेले. नाझरेथच्या घरातही आवाज असणारच. मार्क ६:३ मध्ये लोक येशूला सुतार म्हणतात, आणि ते कौतुकाने नव्हे.

खिडकीजवळच्या फळीवर रुपयाएवढा करपलेला गोल आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. पाणी ओसरल्यावर रांदेरहून ताईचं कुटुंब आमच्याकडे राहायला आलं. घरात चिखल, भाऊजींची एम्ब्रॉयडरीची दोन्ही मशीनं गेलेली. सगळे माळ्यावर झोपायचो. भाऊजींना झोप नसे. दिवा लावला तर मुलं उठतील म्हणून फळीवर मेणबत्ती चिकटवून ते वहीत देणी लिहीत बसायचे. एका पहाटे मेणबत्ती तळापर्यंत जळाली आणि फळी करपली. २०२१ च्या करोनात भाऊजी गेले.

मिस्त्री म्हणाले, डाग काढायचा तर खोल घासावं लागेल, फळी तेवढ्यात पातळ होईल; नाहीतर बदलू. घरात दोन मतं पडली. नव्या पॉलिशमध्ये तो उठून दिसणार, हे तर खरंच होतं. ताईला फोन केला. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काढू नका रे.”

योहान २० पुन्हा वाचलं. पुनरुत्थित प्रभूचं शरीर नवं, दारं बंद असताना आत येणारं. तरी हातांवर खिळ्यांचे व्रण, कुशीत भाल्याचा. पित्याला ते पुसता आले नसते का? थोमाला प्रभूने तेच दाखवले. मळ वेगळा आणि जखम वेगळी. गोंद, वार्निश, तेलकट थर हे वरून बसलेलं, ते निघायलाच हवं. दुःखात असलेल्या माणसाला आपली भक्तमंडळी चटकन सांगतात, विसरा आता, देवाची इच्छा. आम्हाला ते कधी पटलं नाही.

त्या गोलावर मिस्त्रींनी बारीक पेपर हातानेच फिरवला, सुटी काजळी निघेल इतपत. साग तेलकट, म्हणून सगळ्या फळ्या थिनरच्या फडक्याने पुसल्या. १९ मार्चला, संत योसेफाच्या सणाला, पॉलिशचा पहिला हात झाला. तो वाळल्यावर ३२० चा पेपर हलका फिरवून दुसरा. रंग मधासारखा आलाय. तिसरा पुढच्या शनिवारी. तोवर मुलांना वर चढायची बंदी.

ताई ईस्टरला मुक्कामी येणार आहे. अंथरूण खिडकीजवळच टाका, म्हणाली.