अंगठा

माझे आजोबा आताच्या लोहारा तालुक्यातले. निजामाच्या राजवटीत जमिनीच्या एका कागदावर त्यांनी अंगठा उठवला, तो कागद उर्दूत होता. आजोबांना मराठीही वाचता येत नव्हतं, उर्दूचं तर नावच नको. वाड्यावर कुणीतरी म्हणालं, ‘इथं लाव,’ त्यांनी लावला. पुढे त्या जमिनीचं काय झालं ते सगळ्या घराला पाठ आहे. हा किस्सा निघाला की मी हसायचो. आता हसत नाही, त्याचं कारण सांगतो.

धाराशिवमधल्या, म्हणजे आधीच्या उस्मानाबादेतल्या, एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बरीच वर्षं सांभाळतोय. कळंब, भूम, उमरगा, परांडा इथे शाखा. शाखेतला कारकून सकाळी आपल्या संगणकावरून मुख्य कार्यालयाच्या सर्व्हरमध्ये शिरतो, नाव आणि पासवर्ड देतो, काळ्या पडद्यावर खात्यांची यादी उघडते. इथे बसून तिथल्या यंत्रात शिरायचं, एवढाच रिमोट लॉगिनचा अर्थ.

सुरुवातीला आम्ही टेलनेट वापरायचो. 1969 पासूनची ही पद्धत, साधी आणि हलकी. एक नवा पोरगा मागे लागला होता की सर, एसएसएच घ्या, त्यात सगळं सांकेतिक जातं, टेलनेट उघडं असतं. मी म्हणायचो, अरे, उस्मानाबादेत कोण कान लावून बसलंय? एका दुपारी त्यानं आपला लॅपटॉप आमच्या हबला जोडला आणि मला लॉगिन करायला सांगितलं. त्या जुन्या हबमध्ये एकाला पाठवलेलं सगळ्यांच्याच तारेत जायचं. मी कळ दाबली की त्याच्या पडद्यावर अक्षर उमटायचं. पासवर्ड पूर्ण झाला तेव्हा आजूबाजूचे दोघेतिघे खुदकन हसले. तुळजापूरच्या आईचं नाव आणि पुढे माझं जन्मसाल! (अर्ध्या जिल्ह्याचा पासवर्ड हाच असणार, पण ते असो.)

हे आमच्यापुरतंच नव्हतं. 1995 साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी जाळ्यावर असंच कान लावून हजारो पासवर्ड गोळा केले होते. तिथल्या तातू इलोनेन नावाच्या संशोधकानं त्याच वर्षी एसएसएच लिहिलं. टेलनेटचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरच्या दाराचा नंबर, 23; त्याच्या शेजारचा 22 मोकळा होता, तो त्यानं रीतसर अर्ज करून मागून घेतला. टेलनेटची जागा घ्यायची तर शेजारीच बिऱ्हाड मांडलेलं बरं, असा हिशेब.

आम्ही एसएसएचवर आलो. शाखांच्या विंडोजवर पुट्टी नावाचं एसएसएचचं सॉफ्टवेअर बसवलं आणि मी निर्धास्त झालो. इथून माझी खरी चूक सुरू होते, कारण टेलनेटच्या वेळी मी निदान अडाणी तरी होतो.

पुट्टीनं एखाद्या सर्व्हरशी पहिल्यांदा जोडलं की एक खिडकी येते. सर्व्हर आपली ओळख म्हणून एक किल्ली पुढे करतो. त्या किल्लीचा ठसा खिडकीत छापलेला असतो आणि खाली प्रश्न: हा सर्व्हर माझ्या ओळखीचा नाही, विश्वास ठेवायचा का? हो म्हटलं की ठसा संगणकात जपून ठेवला जातो. पुढे कधी तो बदललेला दिसला की पुट्टी मोठ्या अक्षरांत धोक्याचा इशारा देतं. इंग्रजीत ठशाला जो शब्द आहे तो बोटाच्या ठशाचाच. सर्व्हर आपल्यासमोर अंगठा उठवतो, तो ताडून पाहणं आपलं काम. मी तो एकदाही ताडला नाही. खिडकी आली की यस. एका संस्थेत तासाला शिकवायला जायचो, तिथल्या मुलांनाही हेच सांगितलं, ‘ते येतंच, यस करा, पुढे चला.’

मग एका पावसाळ्यात रात्री वीज कडाडली आणि सर्व्हर जळाला. पहाटेपर्यंत खपून नवा उभा केला. नवा सर्व्हर म्हणजे नवी किल्ली, नवा ठसा. सकाळी शाखा उघडल्या आणि चारी ठिकाणी तो इशारा एकदम आला. फोनवर फोन. ‘सर, काहीतरी धोका म्हणतंय.’ मी प्रत्येकाला एकच सांगत होतो, ‘काही होत नाही, यस दाबा.’ अकरापर्यंत सगळीकडे व्यवहार सुरू. संस्थेत माझं कौतुक झालं आणि मी ते घेतलंही.

त्या दिवशी उमरग्याचे मामा आमच्याकडे मुक्कामी होते. सोप्यात चहा पीत त्यांनी माझे सगळे फोन ऐकले.

वर्षभरानं मामांनाच फोन आला. बँकेतून बोलतोय, तुमचं खातं बंद होणार, एक अ‍ॅप घ्या आणि त्यातला नऊ आकडी नंबर वाचून दाखवा. मामांनी वाचला. मोबाइलचा पडदा समोरच्याच्या हाती गेला आणि पेन्शनची शिल्लकही गेली. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना या युक्तीबद्दल सावध केलं होतं. मी उमरग्याला जाऊन मामांना तेच ऐकवलं, वर आवाजही चढवला. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून असं कुणी घर उघडून देतं का?

मामा शांतपणे म्हणाले, ‘तो बँकेचं नाव सांगत होता रं. अन् त्या दिवशी तुझी पोरं काय करीत होती? यंत्र धोका म्हणत होतं अन् तू फोनवर म्हणलास दाबा, तर दाबलं. माझ्यात अन् त्यांच्यात काय फरक?’

फरक मी परतीच्या एसटीत शोधत बसलो. पहिला बचाव असा, की एसएसएचमध्ये सगळं सांकेतिक जातं. हो, पण कुणाकडे? मधे कुणी आपला संगणक घुसवून ‘मीच सर्व्हर’ म्हणाला असता, तर कारकुनाचं त्याच्याशीच सांकेतिक बोलणं जुळलं असतं. पासवर्ड पूर्ण गुप्तपणे चोराच्या हाती पडला असता आणि चोरानं तो पुढे खऱ्या सर्व्हरला दिला असता. कुणालाच काही कळलं नसतं. हे ओळखायला एकच खूण होती, तो ठसा, आणि तीच मी पुसायला लावली. दुसरा बचाव, फोनवर मी होतो. पण त्या पोरांना फोनवर ‘सर’ ऐकू येत होते, तेवढंच.

आमच्याकडे तेव्हा काही चोरीला गेलं नाही, हेही सांगायला हवं. मामांचं गेलं. आणि आजोबांसमोरचा कागद त्यांना न येणाऱ्या भाषेत होता, माझ्या पुढ्यातली खिडकी मला वाचता येत होती.

एसएसएच लिहिणाऱ्यांना मी दोष देत नाही. पहिल्या भेटीत आंधळेपणानं हो म्हणायची मुभा ही त्यांनी समजून-उमजून दिलेली सवलत आहे. सुरुवातीलाच दाखले-प्रमाणपत्रं मागितली असती, तर माझ्यासारखे टेलनेटलाच चिकटून राहिले असते.

त्यानंतर दोन कामं केली. पासवर्ड बंद करून प्रत्येक कारकुनाला स्वतःची किल्ली दिली. तिची सही त्याच जोडणीपुरती असते, मधल्याला ती उचलून पुढे वापरता येत नाही. आणि सर्व्हरचा ठसा कागदावर छापून, हातानं नेऊन प्रत्येक शाखेत भिंतीला लावला. सोबत सूचना: जुळल्याशिवाय हो म्हणायचं नाही, फोनवर कुणी घाई केली तर फोन ठेवून द्यायचा.

पुढे परांड्याला नवा संगणक आला, त्यावर नवं पुट्टी. दुपारी तिथल्या पोराचा फोन.

‘सर, जुळंना.’

‘नीट बघ.’

‘कागदावर दोन-दोन अक्षरांच्या सोळा जोड्या हायेत. इथं एक लांबलचक ओळच हाय.’

लगेच उलगडलं. 2021 पासून पुट्टी ठसा नव्या पद्धतीनं दाखवतं. किल्ली तीच, लिहिण्याची तऱ्हा वेगळी. मी म्हणालो, ‘अरे, तेच आहे ते. हो म्हण.’

पलीकडे क्षणभर काही नाही. मग तो म्हणाला, ‘सर, माफ करा. पण तुमीच लिहिलंय.’ आणि त्यानं फोन ठेवला.

मी पुन्हा लावला, त्यानं उचलला नाही. पहिल्यांदा राग आला, तो बराच वेळ टिकला. मग सर्व्हरसमोर बसून नव्या पद्धतीचा ठसा काढला, मोठ्या टायपात छापला आणि बार्शीवरून परांड्याला जाणारी गाडी धरली. पोचलो तेव्हा शाखा बंद व्हायची वेळ झाली होती. पोरानं कागद माझ्या हातातून घेतला, पडद्याशेजारी धरला आणि बोट ठेवून एक-एक अक्षर मोठ्यानं वाचू लागला. त्रेचाळीस अक्षरं होती. मी बाकावर बसून राहिलो.